ताईचं नवं बटण

नवं बटण बिघडलेलं नव्हतं, एवढंच मला ठामपणे सांगता येत होतं. बाकी सगळा आनंद होता. ॲडमिन होऊन तपासलं की बटण दाबल्याची नोंद पडद्यावर उमटायची. ताईच्या खात्यातून तिचा अक्षरांचा प्रोग्राम उघडला की एकच रड, उपकरण वाचायची परवानगी नाही. कुणाला नाही? कॉम्प्युटर तिचा, बटण तिचं, गाल तिचा!

आजाराच्या दीड वर्षात माझ्या या थोरल्या बहिणीच्या अंगात हलण्याजोग्या दोनच गोष्टी उरल्या होत्या, पापण्या आणि उजवा गाल. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते आलं की ती गालानं बटण दाबायची. जुनं बटण परवा तुटलं. ते स्वतःला कीबोर्ड म्हणवून घ्यायचं, म्हणून कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सनं त्याला कधी अडवलं नाही. नवं स्वतःला काय समजत होतं देव जाणे.

आणि अकरा वाजता डॉक्टरीणबाई येणार होत्या. श्वासासाठी गळ्यात कायमची नळी बसवायची की नाही, हे आज ठरायचं होतं. "ती हो म्हणालीय," असं भावोजी कालपासून सांगत होते. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. बाईंचं तेवढ्यावर भागत नव्हतं, त्यांना ताईचे स्वतःचे शब्द हवे होते.

अशी उपकरणं थेट वाचायची मुभा असलेल्यांचा एक गट असतो. मी ताईचं नाव त्यात घातलं. यादी उघडून पाहिली, नाव होतं. प्रोग्राम उघडला, परवानगी नाही. मग ताईच्या खात्यालाच विचारलं, बाबा रे, तू कुठल्या कुठल्या गटांत आहेस? त्यानं चार गट सांगितले, नेमका हाच सोडून. म्हणजे नाव आहे आणि नाहीही! माझं डोकं चालेना. मी तोच हुकूम सहा वेळा दिला.

"पाच मिनिटांचं काम म्हणाला होतास," भावोजी म्हणाले.

"म्हणालो होतो." मी वैतागलो. "हे शेवटचं बंद कधी केलं होतंत?"

"बंद? छे! सात महिने हात लावलेला नाही." ते चक्क दुखावले. पडद्याच्या कडेला त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'बंद करू नये'. एकदा बंद केलेला कॉम्प्युटर दोन दिवस सुरूच झाला नव्हता आणि ताई दोन दिवस मुकी होती. तेव्हापासून त्या घरात फक्त झाकण मिटायचं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लॉगिन करताना गट एकदाच वाचले जातात. सात महिन्यांपूर्वी उघडलेल्या खात्याला आजची यादी कुठून ठाऊक असणार?

"लॉगआउट करावं लागेल," मी म्हटलं.

"आणि परत सुरू नाही झालं तर? बाई अर्ध्या तासात येतायत!"

खरं सांगतो, मीही घाबरलो होतो. मी ताईला विचारलं, "करू?" पापणी एकदा मिटली.

"नक्की का गं?" भावोजींनी विचारलं. पुन्हा एकदाच.

"अगं, नीट विचार कर. बाई येऊन गेल्यावर करूया ना?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं पापणी एकदा मिटली.

"बघ," भावोजी मला म्हणाले, "नंतर कर म्हणतेय."

माझा पार गोंधळ उडाला. यातलं कुठलं हो धरायचं? शेवटी पहिल्या दोनांवर भिस्त ठेवली आणि लॉगआउटचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. भावोजी माझ्यावर ओरडले, आणि ते साहजिकच होतं. मग पासवर्डची चौकट आली. टाकताना दोनदा चुकलो. अक्षरं उजळायला लागली, ताईचा गाल हलला आणि एक अक्षर वर जाऊन बसलं.

बाई आल्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या. ताईला अकरा मिनिटं लागली.

'नळी नको. नाही म्हटलं की हे पुन्हा विचारतात.'

बाईंनी वाचलं. भावोजींनी वाचलं. "अगं, पण नक्की..." ते म्हणाले आणि तिथेच थांबले. मग तिच्या शेजारी बसून त्यांनी तिचा हात हातात घेतला.