शिंग गार होईपर्यंत

चंद्री माझी शेळी. तिचं डावं शिंग वळत वळत गालात घुसलं आणि तिनं चघळणं सोडलं. तांब्याभर दूध होतं ते वाटीवर आलं. त्या वाटीवर माझी नात जगत होती. तिची आई, माझी लेक गोदू, बाळंतपणातच गेली. म्हशीचं दूध पोरीला पचेना. ढोरांचा डॉक्टर अलिबागला. निरोप धाडून दोन दिवस झाले तरी सरकारी पाय काही उचलेना.

शेवटी धर्माकडे गेले. होड्या बांधतो तो. तुझी होडी म्हणजे चाळण, असं मी त्याला चारचौघांत बोलले होते. तरी करवत घेऊन आला.

म्हटलं, मुळापासून काढ, पुन्हा वाढायलाच नको.

"काकी, हे नख न्हाय. मोठ्या शेळीचं शिंग आतून जितं असतं. मुळाशी कापलं तर डोक्यात भोक पडल, रगत थांबायचं न्हाय."

हाताला कोमट लागतं तिथवर शिंग जितं, गार लागतं ते मेलेलं; गार तेवढंच कापायचं, म्हणाला. आणि मीच अक्कल चालवून, माश्या बसू नयेत म्हणून शेळी सकाळपासून उन्हात बांधलेली. शिंग गालापर्यंत तापलं होतं, जितं कुठवर ते कळेना.

सावलीत बांधून थांबलो. आत सून मनुबाई पोरीला साखरपाण्याचा बोळा चोखवत होती. पोर रडत होती, मग रडेनाशी झाली. मी दहादा म्हटलं, काप. तो दहादा न्हाय म्हणाला. त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही.

दुपार कलली तेव्हा गालालगतची चार बोटं गार लागली. मी चंद्रीचं डोकं मांडीत दाबलं. करवत फिरली, रक्ताचा थेंब नाही. गालात रुतलेला तुकडा उपसला तेव्हा मात्र पू आला, ती किंचाळली आणि आडवी झाली. मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, हळद भरली. कास रिकामी. फणसाचा पाला धरला तर तिला चावता येईना. पेज ओतली, ती ओघळून गेली.

मग पाला मी माझ्याच तोंडात घातला. दात माझे सहा. चावून चोथा केला आणि तिच्या जिभेमागे बोटानं सारला. तिनं बाहेर लोटला. पुन्हा चावला, पुन्हा लोटला.

"काकी, तुमीच चरायला लागलात व्हय?" धर्मा म्हणाला. माझं तोंड भरलेलं, म्हणून वाचला.

मनुबाई दारात आली. पोर बोळा चोखेना आता, म्हणाली.

चौथ्या घासाला चंद्रीचा गळा हलला. मी पुढचं पान तोडलं.