अंगावरून वारं

उंबरमाळीच्या वरच्या वाडीत त्या पौषात माणूस म्हणावं असा एकटा धर्मा उरला होता. बाकी सगळी वाडी दिवाळी आटोपून वीटभट्ट्यांवर गेली, पोराटोरांसकट, कोंबड्यासुद्धा टोपलीत घालून. धर्माही दरसाल जायचा. पण आदल्या पावसाळ्यात चिखलणी करता करता त्याच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात लुळा पडला आणि पाय ओढत चालायची पाळी आली. बायको आधीच गेलेली. लेक निर्मला मुरबाडकडे दिलेली. ती म्हणायची, "बा, माज्याकडं येऊन ऱ्हा." पण लेकीच्या सासरी आयता घास गिळायचा म्हणजे जिवंतपणीच मेल्यागत, असं त्याला वाटे. अपंगाचा दाखला मिळाला तर सरकारी पगार चालू होईल आणि आपलं घर सुटणार नाही, एवढीच त्याची आशा. संध्याकाळी तो एकटाच मोठ्यानं बोलत बसे. माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून, दुसरं काय!

दाखल्यांचं शिबिर शहापूरला होतं. बाकावर बसलेल्या प्रत्येकाजवळ कोणी ना कोणी होतं, कोणाची सून, कोणाचा भाऊ. धर्मानं शेजारी आपली पिशवी ठेवली.

हाडांचे डॉक्टर आलेच नव्हते. शिपाई खुशाल सांगत होता, "आज दातांचे साहेब तपासतील." आता बोला! लुळ्या हाताला काय दात फुटलेले असतात? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. पण कोणी हूं की चूं केलं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. अहो, अक्कल असते, तोंड नसतं.

साहेब शहरातला, कोवळा पोरगा. मान वर न करता म्हणाला, "काय होतंय?"

"साहेब, अंगावरनं वारं गेलं."

"वारं गेलं? म्हणजे गॅस?" साहेबानं आता मान वर केली. "मग बरंच झालं की बाबा. गॅसचा दाखला नसतो."

बाकावरची माणसं हसली. वारं जाणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी हसली मेली. धर्माला ते साहेबापेक्षा जास्त लागलं. शेवटी एक म्हातारी बोलली, "अवो, लकवा म्हनतात त्याला."

साहेब कानापर्यंत लाल झाला. "लकवा? आ करा बघू." त्यानं बॅटरी मारून दात पाहिले, जीभ पाहिली. येत होतं तेवढं बिचाऱ्यानं केलं. मग म्हणाला, "हात वर करा."

आणि इथं धर्मानं घात केला. सगळे बघतायत, नुकतेच हसलेत. त्याला शरम वाटली. त्यानं ओठ चावला, होता नव्हता तेवढा जोर लावला आणि तो मेलेला हात पार खांद्यापर्यंत उचलला. क्षणभरच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

"उचलतोय की! सोबत कोण आलंय?"

"कोन नाय."

"उंबरमाळीहून एकटेच आलात? मग तुम्ही धडधाकट आहात, बाबा. टक्केवारीत बसत नाही. पुढच्या शिबिराला घरचं माणूस घेऊन या, ते नीट सांगेल."

"साहेब," धर्मा म्हणाला, "घरचं मानूस असतं तर मी हितं कशाला आलो असतो?"

साहेबानं त्याचा कागद बाजूला सारला. तेवढ्यात शिपायानं पुढच्याला हाक मारली.

एसटी स्टँडवर घराकडची, कसाऱ्याची गाडी आली, ती धर्मानं जाऊ दिली. पुढचं शिबिर वर्षानं, तेही पौषातच लागणार आणि तेव्हाही वाडी भट्टीवर असणार. सोबत आणायचं कोणाला? घर तर आता सुटल्यातच जमा होतं. मुरबाडची गाडी लागली तसा तो उठला.

पायरी उंच. कंडक्टरनं वरून हात दिला आणि त्याला आत ओढून घेतलं. ऊनऊन, घट्ट हात. धर्मा नीट उभा राहिला, तोल सावरला, तरी त्यानं तो हात धरूनच ठेवला.

"काका," कंडक्टर जरा ओशाळून म्हणाला, "सोडा आता. बेल मारायचीय."