फाइल बसत नाही

तिसऱ्यांदा तोच मेसेज आला: फाइल मोठी आहे, बसत नाही. मी त्या सिग्नल जनरेटरला अशी शिवी हासडली की शेजारच्या टेबलावरचा हम्माद खुर्ची सरकवून लांब बसला. त्याला मराठी येत नाही, पण सूर कळला असावा.

आकड्यांची फाइल भरवली की त्या आकड्यांचा विजेचा सिग्नल करून द्यायचा, एवढंच काम या डब्याचं. पण नखरे किती! आधी त्याला पेनड्राइव्ह आवडला नाही. मग फाइलच्या वरच्या ओळी आवडल्या नाहीत. आता म्हणे मोठी आहे. अरे, मग एकदाच काय ते सांग ना मेल्या!

फाइलमध्ये एका आजोबांच्या हृदयाचं रेकॉर्डिंग होतं. अबू धाबीतल्या एका हॉस्पिटलात त्यांचं हृदय थांबलं, तेव्हा मॉनिटर वाजलाच नाही, असं नर्स समिधा सांगत होती. हॉस्पिटल म्हणत होतं, हिनेच अलार्म बंद केला असणार. आजोबा अजून शुद्धीवर नव्हते. समिधाला सस्पेंड केलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि असा शिक्का बसलेल्या नर्सला पुढे कोण घेणार? तोच सिग्नल त्याच मॉनिटरला देऊन बघायचं काम मुसफ्फातल्या आमच्या लॅबकडे आलं होतं. समिधा माझ्या मागे स्टुलावर बसली होती. नाशिकची पोरगी, सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता तिने.

"अनुराधा, यल्ला, आटप लवकर!" आमचे मॅनेजर श्रीनाथ सर दारातूनच ओरडले. "हॉस्पिटलवाले डोकं खातायत. पॉइंट कमी कर आणि बसव."

ही आमच्या लॅबची जुनी खोड. फाइल बसली नाही की दहातला एक आकडा ठेवायचा, बाकीचे उडवायचे. गुळगुळीत लाटांना त्याने काही फरक पडत नाही. मीही वैतागले होते, दिले उडवून. फाइल बसली. मॉनिटरवर सपाट रेघ आली आणि तो लगेच बोंबलायला लागला.

"खलास," सर म्हणाले. "मशीन ठणठणीत आहे. रिपोर्ट पाठवून दे."

समिधा ताडकन उठली. "ताई, शप्पथ सांगते, तेव्हा साठ ठोके दाखवत होतं. म्हणून तर मी दुसऱ्या पेशंटकडे गेले."

"ती असंच म्हणणार ना," सर मला म्हणाले, जणू ती तिथे नव्हतीच. माझं डोकंच फिरलं. पण साठ ठोके आणायचे कुठून?

"आजोबांना पेसमेकर होता का गं?"

"हो. साठवर लावलेला."

मी कपाळावर हात मारून घेतला. पेसमेकर हृदयाला विजेचा टोचा देतो. फाइलमध्ये तो टोचा म्हणजे जेमतेम दोन-चार आकडे. दहातले नऊ उडवताना मी टोचेच उडवून टाकले होते.

"सर, पुन्हा करावं लागेल."

"आता काय पुन्हा? रिपोर्ट दे!"

"मग सही तुम्ही करा."

ते खुर्ची ओढून बसले. मला सगळी फाइल हवीच कशाला होती? हृदय थांबलं तेवढाच तुकडा कापला, त्यातला एकही आकडा न गाळता. हे सकाळीच सुचायला काय झालं होतं! जनरेटरने तुकडा मुकाट घेतला.

मॉनिटरवर सपाट रेघ आली. तिच्यावर मधूनमधून बारीक टोचे उठत होते आणि कोपऱ्यात हिरवागार साठ. हृदय बंद, आणि हे येडं पेसमेकरचे टोचेच ठोके म्हणून मोजत होतं. आम्ही थांबलो. अलार्म वाजला नाही.

"सुटलीस गं बाई!" मी म्हणाले. मला रडूच फुटलं.

समिधाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती वॉर्डातल्या नर्सला फोन लावत होती.

"ईश्वरी, वॉर्डात पेसमेकरवाले जेवढे असतील ना, प्रत्येकाजवळ कुणीतरी बसा. आत्ता. मॉनिटरवर विसंबू नका, हाताने नाडी बघा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "हो, सस्पेंडच आहे मी. तू आधी जा."