पुन्हा चाकात

मी ट्यूब बोलतेय. दचकू नका, दचकायचं काम माझं आहे. आणि छताला लटकून लख्ख पेटते ती मी नव्हे. मी जीपच्या चाकातली. काळी, रबराची, पोटात हवा आणि मनात सदा धाकधूक.

कारखान्यातून बाहेर पडले आणि जग बघायच्या आतच मला टायरमध्ये कोंबलं. तिथं मिट्ट काळोख असतो. रस्ता दिसत नाही, नुसता कळतो. खड्डा आला की गचका, खडी आली की अंगभर शहारे. जीप एका रंगाऱ्याची होती. टपावर शिडी, मागे रंगाचे डबे. त्या घरातल्या माणसांना मी आवाजावरूनच ओळखायचे. बाबा गुणगुणत चालवायचे. आई "अहो, हळू" म्हणायची. मागे दादा आणि धाकटी खिडकीवरून भांडायची.

एकदा खिळा घुसला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, पण आमचं ओरडणं म्हणजे नुसतं 'सुस्स'. बाबांनी चाकात नवी ट्यूब घातली, मला पॅच लावला आणि "असू दे अडीअडचणीला" म्हणून घरच्या अंधाऱ्या कोठीत शिडीशेजारी खुंटीला टांगून टाकलं.

कडाक्याच्या थंडीत रंग वाळता वाळत नाही, त्यामुळे रंगाऱ्याला सुट्टी मिळते ती तेव्हाच. दर हिवाळ्यात हे कुटुंब डोंगरावर बर्फात जायचं. त्या वर्षी निघताना धाकटीनं मला खुंटीवरून ओढलं.

"ही माझी! मी हिच्यावर बसून घसरणार."

"बस. फुटली की येशील रडत," दादा म्हणाला.

फुटली! शब्द ऐकूनच मी अर्धी झाले.

पण वर पोहोचलो आणि मी इतका उजेड पहिल्यांदाच पाहिला, सगळीकडून एकदम. खाली पांढरं, वर निळं. थंडीनं माझी हवा आक्रसली, तशी दादानं पंप मारून मला टम्म फुगवलं. पोरीच्या पायाला टोचू नये म्हणून आईनं माझ्या व्हॉल्व्हला जुना मोजा बांधला. मग धाकटी माझ्यावर बसली आणि बाबांनी ढकललं. आई गं! झाडं गरागरा फिरली, आकाश पायाखाली आलं, पोरगी किंचाळतेय, मी धडधडतेय. खाली बाबा हात पसरून उभे. आम्ही थेट त्यांच्या पायात! तिघंही आडवी. बाबांच्या मिशीत बर्फ, धाकटीचा एक बूट कुठे तरी वरच राहिलेला.

"पुन्हा!" ती म्हणाली. मीही तेच म्हणाले असते.

मग किती हिवाळे तसे गेले. बर्फाचा माणूस करताना तो उभा राहीपर्यंत मी त्याची खुर्ची व्हायचे. गोठलेल्या तळ्याकाठी आई थर्मास उघडून माझ्यावर बसायची आणि "हिच्यासारखा सोफा नाही" म्हणायची. संध्याकाळी शेगडीजवळ माझ्यावर ओले हातमोजे वाळत पडायचे. माणसांची गंमत वाटते मला. घरी एका खिडकीवरून भांडणारी ही पोरं बर्फात एका मफलरमध्ये दोन डोकी घालून बसायची. माझं मागणं एकच होतं. पुन्हा त्या काळोखात जाणं नको.

तेच झालं. एका वर्षी परतीच्या वाटेवर उतारात धाड आवाज झाला. मागचं चाक बसलं. स्टेपनी येतानाच वापरून झाली होती. आभाळ भरून आलेलं, बर्फ भुरभुरायला लागलेला, आणि रस्ता बंद झाला तर रात्र तिथंच. बाबा चाकापाशी उकिडवे बसले. आतली ट्यूब पार फाटली होती. त्यांनी वर पाहिलं. धाकटीच्या मांडीवर मी होते.

"बाबा, नाही हं!"

"अगं, इथंच कुडकुडत बसायचं का?"

"बसू दे तिला," दादा म्हणाला. "आपण जीपनं जाऊ, ही येईल घसरत."

"तू गप रे!" आई ओरडली.

बाबांनी धाकटीला जवळ घेतलं. "घरी गेलो की लगेच काढून देतो. शपथ."

मग तिनं स्वतःच मोजा सोडला आणि माझा व्हॉल्व्ह दाबून धरला. सुस्स. तेवढा वेळ तिनं माझ्यावर गाल टेकवला होता.

सगळा डोंगर मी पॅचवर जीव मुठीत धरून उतरले. घरात दिवा लागला, तो मला दिसला नाही. दार उघडल्याचा आवाज आला, एवढंच.

बाबांची शपथ आज-उद्या करत राहिली. पोरं मोठी झाली, डोंगर सुटला.

आता जीप धाकटी चालवते, कारण बाबांना लांबचं नीट दिसत नाही. काल अचानक बाबा म्हणाले, "तुझी ट्यूब काढून द्यायची राहिलीच गं. तू विचारशील म्हणून मी रोज घाबरायचो."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी विचारलंच नाही. म्हणजे... अजून आत आहे ती?"

"मागे, उजवीकडे."

कचकन ब्रेक लागला. ती उतरली. टायरवर तळहात टेकल्याचं मला आतून कळलं.

"गरम आहे, बाबा!" ती ओरडली. "उद्या गॅरेजमध्ये नेते. काढूनच घेऊ."

रात्रभर मी हाच विचार करतेय. धाकटे, नको काढूस. माझं रबर ताठरलंय, चाकाचा आकार अंगात मुरलाय. बाहेर आले तर पहिल्याच गचक्याला चिरेन, आणि बाबांना वाटेल, उशीर आपल्यामुळे झाला. त्यापेक्षा या हिवाळ्यात त्यांना शेजारी बसवून वर चल. डांबर संपून बर्फ लागला की चाकाचा आवाज मऊ होतो, तेवढ्यावरून मी ओळखेन. तुम्ही उतरा, पडा, मोठ्यानं हसा. मी जीपखाली उभी राहून ऐकेन.

आणि घाट उतरताना तू सारखा ब्रेक दाबतेस, ते मला इथं कळतं. सावकाश उतर, बाळ. मी आहे.