तिसऱ्या पिंपाचा धूर

ग्लासगोने दुसरं पिंपही नापास केलं, तेव्हा मी आधी ग्लास धुवायच्या साबणाला दोष दिला. मग पाण्याला, मग टॉर्किलला. स्वतःच्या नाकावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. नमुन्याच्या बाटलीबरोबर तिथल्या मुख्य कचेरीतल्या रेनीसाहेबांचा निरोप होता आणि तो पहिल्या वेळेसारखाच होता. 'धूर लागतोय.'

धूर नको, एवढीच तर त्यांची अट होती. आमची डिस्टिलरी बेटाच्या उत्तर टोकाला, समुद्राला अगदी खेटून आहे. वर्षातला बराच काळ आम्ही पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापलेल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीची व्हिस्की काढतो आणि थोडे दिवस बिनधुराची. दोन्ही एकाच गोदामात शेजारी शेजारी मुरतात. डिस्टिलरीला शंभर वर्षं झाली म्हणून मालकांना खास बाटली काढायची होती, एकाच पिंपातली आणि स्वच्छ बिनधुराची. पिंप निवडायचं काम माझं, कारण नमुन्यांची खोली मी सांभाळते. माझ्या आधी ती माझ्या काकाकडे होती.

टॉर्किल शॉ, आमचा मॅनेजर, दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

"एफी, तिसरंही परत आलं तर ही खोली बंद. पुढची सगळी निवड ग्लासगोत होणार."

"आणि मी?"

"तू बाटल्यांना लेबलं लावावीस म्हणतात."

"त्यांना म्हणावं, स्वतःच्या कपाळाला लावून घ्या."

"तूच सांग. मला बायको आहे."

आता यात खोच अशी आहे की बिनधुराची व्हिस्की भरली, पण त्या पिंपात पूर्वी कधी धुराची मुरलेली असली, तर लाकूड जुना धूर नव्या मालाला हळूहळू देत राहतं. आमची पिंपं दहा ठिकाणांहून आलेली आणि पुन्हा पुन्हा भरलेली. कशात आधी काय होतं ते नाकानेच ओळखायचं. आणि ती दोन्ही पिंपं मी नाकाने ओळखूनच पाठवली होती. तांब्याची लांब नळी पिंपात सोडून नमुना काढला, तळहातावर थेंब चोळून हुंगला, ग्लासात घेतला, पाण्याचे चार थेंब टाकले आणि पुन्हा हुंगला. पिकलेलं पेअर, मध, ओट्सची लापशी. धुराचा मागमूस नव्हता. टॉर्किललाही तसंच वाटलं होतं, गोदामातल्या सगळ्यांनाच वाटलं होतं.

तर मग रेनीसाहेब कसला धूर हुंगत होते? मला राग होता, पण खरं सांगायचं तर रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. मी साबण बदलला. वरच्या झऱ्याचं पाणी आणलं. उपाशीपोटी चाखून पाहिलं, भरल्या पोटी पाहिलं. पेअर, मध, लापशी. शेवटी नापास झालेली बाटली स्वेटरच्या खिशात टाकली, एक ग्लास रुमालात गुंडाळला आणि गावात निघाले.

पोस्टातल्या ऊनाने काउंटरमागे वाकून घोट घेतला. "धूर? छे. गोड आहे की. अजून थोडी दे, म्हणजे नीट सांगता येईल."

पाद्रीबाबा म्हणाले, "मी केवळ सत्यशोधनासाठी घेतोय." सत्य शोधायला त्यांना दोन घोट लागले. मग त्यांनी भुवया उंचावल्या. "धूर आहे, एफी. लांबून येतो, पण आहे."

माझी पेगी आत्या म्हणाली, "पाद्र्याला कुठेही धूरच दिसणार, नरकाची सवय. यात पेअर आहे." 

आणि नर्स मोर्वेन, जी ॲबर्डीनहून येऊन आमच्यात राहिली आहे, तिने ग्लास नाकाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. "हे काय, राख विरघळवलीस का यात?"

म्हणजे धूर होता आणि नव्हताही. दोन माणसांना लागत होता, दोघांना नाही, आणि यात शिकलेला-न शिकलेला, पिणारा-न पिणारा असा काही मेळ बसत नव्हता. मी डोकं खाजवत घरची चढण चढले आणि अर्ध्या वाटेवर दगडी बांधावर टेकले. खाली गाव पसरलं होतं. पोस्टाच्या धुराड्यातून निळा धूर निघत होता. पेगी आत्याच्या धुराड्यातून, टॉर्किलच्या धुराड्यातून. पाद्रीबाबांच्या घरावर मात्र काही नव्हतं, त्यांनी गेल्या हिवाळ्यात विजेचे हीटर बसवले. मोर्वेनच्या नव्या घराला तर धुराडंच नाही.

मग मी मान वळवून वर पाहिलं. सगळ्यांत दाट धूर आमच्या घरातून येत होता.

मी तिथे बसल्या बसल्या हसले आणि मग माझं हसू थांबलं.

आमच्या घरातला विस्तव विझत नाही. पीटच्या विटा जळून निखारे झाले की निजताना त्यांच्यावर राख ओढायची, कुमारी मेरीचं आणि संत ब्रीजचं नाव घ्यायचं. सकाळी राख सारली की खाली लाल डोळा जिवंत असतो. माझी आजी या घरात राहायला आली तेव्हा जुन्या घरचे निखारे लोखंडी बादलीत घालून चालत आली होती. तेव्हापासून तो तसाच आहे. मी त्याच्यासमोर जन्मले. माझी आई त्याच्यासमोर गेली.

बाबा खुर्चीत बसून कुत्र्याशी बोलत होते. डूगल गिलीस म्हणजे साऱ्या बेटावर पीट कापण्यात एक नंबर, पण आता गुडघे गेलेत.

"बाबा, आपल्या घराला कसला वास येतो?"

त्यांनी मन लावून हुंगलं. "कसलाच नाही."

"तेच तर."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि विस्तवाकडे बघत राहिले. शेवटी मी म्हणाले, "थोडे दिवस मोर्वेनकडे राहते. नाक धुऊन निघेल."

"आपल्या घरात नाक घाण होतं, असं सरळ म्हण की."

"तसं नाही हो बाबा."

"तसंच आहे. जा. आणि स्वेटर इथेच ठेव, तोही या घरातलाच आहे."

मला ते फार लागलं. त्यात स्वेटरचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं. मी स्वेटर खुंटीला टांगला आणि थंडीत कुडकुडत उतरणीला लागले.

मोर्वेनने मला तिचं गुलाबी जाकीट दिलं. ते घालून गोदामात गेले तर टॉर्किलने दोन्ही हात जोडले. "कोण पाहिजे आपल्याला? एफी गिलीस आज आलेली नाही."

पहिले एक-दोन दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी पोस्टात शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. ऊनाच्या केसांतून, तिकिटांतून, पिशव्यांतून धूर येत होता. वाईट नव्हता, गोडसर, ओल्या मातीचा. "अशी काय बघतेस?" ऊनाने विचारलं. मी तिकीट घेऊन बाहेर पडले आणि तेही हुंगत राहिले.

त्याच दिवशी नमुन्यांच्या खोलीत नापास बाटली उघडली. पेअर आलं, मध आला आणि त्यांच्या मागे, लांब माळावर कुणी शेकोटी केल्यासारखा, धूर. रेनीसाहेब बरोबर होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याच वेळी आनंदही होत होता, कसला ते सांगता येत नाही. जन्मभर ज्याच्यात राहिले त्याच्याशी आज ओळख झाली होती.

मग मी आणि टॉर्किल नळी घेऊन गोदामात शिरलो. त्याने पिंपांची बुचं काढायची, मी हुंगायचं. धूर. धूर. थोडा धूर. सफरचंद, पण शेवटी धूर.

"मला तर सगळी सारखीच स्वच्छ लागतायत," तो म्हणाला.

"तुझं धुराडं चालू आहे. तू बुचं काढ."

कोपऱ्यात, समुद्राकडच्या भिंतीला लागून एक बुटकं पिंप होतं, ज्याच्याकडे आम्ही कधी बघितलंही नसतं. त्यातला नमुना तळहातावर चोळला. पेअर. पाणी टाकलं. कापलेलं गवत, मग खारा वारा, मग लापशीवरची साय. मी वाट बघितली. ग्लास झाकून ठेवला, चहा प्यायला गेले, परत येऊन पुन्हा हुंगला. मागून धूर काही आला नाही. तोंडात घेतला तेव्हा जीभ आधी जरा पोळली आणि मग सगळं शांत, स्वच्छ होत गेलं.

"हेच," मी म्हणाले.

"नक्की? हे शेवटचं आहे, एफी."

"मला माहीत आहे शेवटचं आहे."

उत्तर येईपर्यंत मी मोर्वेनकडेच राहिले. घरी गेले आणि नाक पुन्हा धुराला सरावलं तर दुसरं पिंप शोधणार कशी? शिवाय बाबांचा निरोप नव्हता आणि माझाही त्यांना नव्हता. हट्टात आम्ही दोघंही गिलीसच. मग एका दुपारी टॉर्किल धावत आला. धावताना मी त्याला आयुष्यात पाहिलं नव्हतं. रेनीसाहेबांनी नमुना पास केला होता. खोली राहिली, मी राहिले, लेबलं गेली खड्ड्यात.

मी तशीच गुलाबी जाकिटात चढण चढू लागले. बाबांना सांगायचं होतंच, पण त्याहून एक चोरटी हौस होती. माझ्या घराचा वास. पोस्टाचा कळला, आत्याचा कळला, आता आमचा. आईचा काही अंश त्यात असेल का, असंही वाटून गेलं. मी दारापाशी श्वास रोखला, दार उघडलं आणि मग छाती भरून हुंगलं.

ओली राख. कुत्रा. थंड भिंती.

बाबा खुर्चीत ओव्हरकोट घालून, टोपी कानांवर ओढून बसले होते. समोर चूल काळी पडली होती.

"विझला?" मी विचारलं. "वाकता आलं नाही का? मला का नाही बोलावलंत? आत्याला तरी हाक मारायची."

"विझला नाही. विझवला. रविवारी किटलीभर पाणी ओतलं."

"का?"

"तुला परत यायचं होतं ना घरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नाकाशिवाय तू काय करणार? लेबलं लावणार? हीटर मागवलाय. पुढच्या बोटीने येईल."

मी चुलीपुढे जमिनीवर बसले आणि रडले. रविवारपासून हा माणूस गारठ्यात बसला होता, आणि मी त्याच्यावर रुसून मोर्वेनच्या घरी हीटरपाशी पाय शेकत होते. कुत्रा येऊन माझं तोंड चाटू लागला.

मग मी उठले आणि पडवीतून लोखंडी बादली काढली.

पेगी आत्या चुलीशी भाकरी भाजत होती. तिचं लग्न झालं तेव्हा आमच्याच घरचे निखारे घेऊन ती या घरात आली होती, आणि तिनेही तो विस्तव कधी विझू दिला नाही. मी नुसती बादली पुढे केली. तिने बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"डूगलने विझवला?"

"माझ्यासाठी."

"गाढव आहे," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसावेत तसे ॲप्रनने पुसले. मग चिमट्याने चांगले मोठे निखारे निवडून बादलीत घातले. "हळू ने. वर वारा आहे."

घरी आले तेव्हा बाबांनी बादली पाहिली. त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची मागे सरकवली, मला जागा करून दिली. मी निखारे मांडले, त्यांच्याभोवती पीटच्या विटा उभ्या केल्या आणि फुंकत राहिले.

"निवड असेल तेव्हा मोर्वेनकडे राहीन," मी म्हणाले. "एरवी इथेच."

"आणि हीटरचं काय?"

"कुत्र्याला द्या."

धूर आधी खोलीत पसरला, मग धुराड्यात चढला. मी डोळे मिटून हुंगत बसले. जळकी माती होती त्यात, लोकर होती, थोडा गुळचटपणा, आणि काहीतरी असं जे आत्याच्या घरात नव्हतं, फक्त आमचंच होतं. आईचं होतं की नाही ते ओळखायच्या मी प्रयत्नात होते. बाबांनी टोपी काढली आणि विचारलं, "काय गं, कसला येतो वास?"

"थांबा, बघते अजून," मी म्हणाले.

पण मग चहा झाला, मी त्यांना पिंपाची सगळी गोष्ट सांगितली, त्यांनी दोनदा पुन्हा सांगायला लावली. कप विसळायला उठले तेव्हा पुन्हा एकदा हुंगून पाहिलं. काहीच येत नव्हतं.