परवाना येईपर्यंत

बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज दिला आणि रूपेश एकदम माणसात आला. सानपाड्याच्या गावठाणातल्या त्याच्या चार मजली बिल्डिंगला हे कळायला जरा वेळ लागला. भाडेकरूंना घरमालकाचा आवाज रोज ऐकायची सवय, त्यामुळे आवाज आला नाही की त्यांना वाटायचं, शेठ गावाला गेले असतील. पण शेठ घरातच होते. कालवण खारट झालं तर मुकाट्याने वर लिंबू पिळून जेवत होते.

तोवर रूपेशचा राग ही त्या घरातली एक वस्तूच होती. फ्रिज, टीव्ही, सोफा, तसा राग. बायकोवर हात उगारायचा नाही तो, एवढं खरं. सुचिताच्या माहेरी, नावड्याला, हे मोठ्या कौतुकानं सांगितलं जायचं. पण ताट भिंतीवर जायचं, रिमोट गॅलरीतून खाली जायचा, आणि तोंडातून जे निघायचं ते ऐकून खालच्या मजल्यावरच्या बाया पोरांना आत ओढून खिडक्या लावून घ्यायच्या. मग तासाभरानं हाच माणूस सोफ्यावर पाय पसरून क्रिकेट बघत “चहा टाकतेस का जरा?” असं विचारायचा. त्याच्या लेखी विषय संपलेला असायचा. भिंतीवरचं कालवण सुचिता पुसत असायची.

बंदूक त्याच्या डोक्यात शिरली ती पंढरीमुळे. पंढरी म्हणजे त्याचा चुलतभाऊ. त्यानं परवाना काढून बंदूक घेतली आणि हळदीच्या मांडवात त्याला पुढची खुर्ची मिळायला लागली. बंदूक घरी कपाटात कुलपात, पण खुर्ची पुढची. रूपेशला हे झोंबलं. अर्जात अर्थातच खुर्चीचं कारण लिहिता येत नाही. कर्जतकडे घेऊन ठेवलेल्या जागेत रानडुकरांचा उपद्रव आहे, असं त्यानं लिहिलं. त्या जागेत ‘खासगी मालमत्ता’ अशा पाटीशिवाय दुसरं काही लावलेलं नव्हतं, पण डुकरांना ते कुठे माहीत होतं!

पंढरीनं मात्र त्याला एक गोष्ट बजावून ठेवली. “पोलीस घरी येतान. शेजाऱ्यांना इचारतान. बायकोला तर बाजूला घेऊन इचारतान, नवरा कसा हाय म्हनून. भडक डोक्याच्या मानसाला देत नाय बंदूक. आपल्या वळखीतल्या एकाचा अर्ज बायकोच्या एका शब्दावर गेला.”

त्या दिवशी रूपेश घरी आला तो चपला नीट रॅकवर ठेवून आत शिरला.

त्याची आई विमलबाई हरखून गेली. “पोराला कोनाची तरी नजर लागली व्हती, ती उतरली,” असं तिनं जाहीर केलं आणि देवीपुढे नारळ फोडला. पोलिसांपुढे कोण नारळ फोडणार?

सुचिता महापेच्या एका कंपनीत एचआरमध्ये होती. प्रोबेशनवरचा माणूस कसा असतो हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वेळेवर येतो, हसून बोलतो, सगळ्यांना आधी लिफ्टमध्ये जाऊ देतो. आणि कायम झाल्याचं पत्र हातात पडलं की त्याचं खरं तोंड दिसतं. अशी कितीतरी तोंडं तिनं पाहिली होती. तेव्हा सुरुवातीला ती रूपेशकडे बघून मनातल्या मनात हसली. बघू किती दिवस चालतंय ते, म्हणाली.

मग तिला सवय झाली, आणि घोळ तिथेच झाला. संध्याकाळी बेल वाजली की ती टेबलावरचं काचेचं सामान आत उचलून ठेवायची, ते ती विसरायला लागली. जेवताना ती ऑफिसातलं काहीबाही सांगायला लागली आणि रूपेश ऐकायला लागला. एकदा तर तो खो खो हसला, आणि हा हसला की बरा दिसतो हे तिला पहिल्यांदा कळलं. हा माणूस तिला आवडायला लागला होता. आणि हा माणूस परवाना येईपर्यंतचाच आहे, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा परवाना लांबवायचा, एवढंच तिच्या हातात होतं.

संधी आपणहून चालत आली. एका रविवारी दुपारी रूपेशनं मोबाईल तिच्यापुढे धरला. “ही बघ. दुनळी, बारा बोर. नवीन मानूस पैली हीच घेतो. छर्रे पांगतात ना, नेम थोडा चुकला तरी टेन्शन नाय.”

“छान आहे,” सुचिता म्हणाली. “आमच्या ऑफिसखालच्या बँकेचा वॉचमन अशीच घेऊन बसतो.”

रूपेशचा चेहरा पडला. हळदीच्या मांडवात आपल्याला कुणी खुर्ची द्यायच्या ऐवजी दाराशी स्टुलावर बसवतंय, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. आठवडाभर तो विचारात होता. मग दुनळी रद्द करून रायफल हवी, असा पुरवणी अर्ज त्यानं नेऊन दिला. पुरवणी अर्ज आला की परवान्याच्या कचेरीतले साहेब ती फाईल गठ्ठ्याच्या तळाशी टाकत. सुचितानं हे ऐकलं आणि त्या रात्रीच्या जेवणाला तिनं सुरमई तळली.

पुढे तिला कष्ट पडलेच नाहीत. “रायफलची गोळी फार लांब जाते म्हणतात. डुक्कर सोडून शेजारच्या बंगल्यात कुणाला लागली तर?” एवढं तिनं विचारलं आणि रूपेश पुन्हा बारा बोरवर आला. “दोन्ही घ्यायची परवानगी असते ना?” असं विचारलं तेव्हा दोन्हींचा अर्ज गेला. मग पहिली कुठली घ्यायची, यावर एक महिना छान गेला. दुनळीच्या नळ्या शेजारी शेजारी असाव्यात का एकावर एक, यावर नवराबायको सोफ्यावर बसून बोलत. लग्नानंतर इतका वेळ ती दोघं कशावरच बोलली नव्हती.

ती त्याच्याबरोबर मुंबईतल्या बंदुकांच्या एका जुन्या दुकानातही गेली. रूपेशनं दुकानातली सगळ्यात हलकी दुनळी उचलली. म्हाताऱ्या दुकानदारानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“हलकी उचलायला बरी वाटते, शेठ. धक्का तीच जास्त मारते. ही वजनदार घ्या. डोळे मिटा, खांद्याला लावा. आता उघडा. नळी सरळ दिसते का?”

“वाकडी दिसते.”

“मग हा मागचा लाकडी दस्ता लांब पडतोय तुम्हाला. कापून घ्यावा लागेल. बंदूक माणसाच्या मापाची पाहिजे.”

रायफलींच्या कपाटाशी रूपेशनं मोठ्यात मोठी निवडली. म्हाताऱ्यानं मान हलवली. “बावीस बोरनं सुरुवात करा. आवाज कमी, धक्का नाही. पहिल्याच दिवशी मोठी चालवलीत तर आवाजाला दचकून डोळे मिटाल. मग ती सवय लागते. आवाज व्हायच्या आधीच माणूस डोळे मिटतो. वर्षं गेली तरी जात नाही.”

रूपेशला हे काही समजेना. सुचिताला ते समजावून सांगायची गरज पडली नाही.

“पहिल्या खरेदीत घाई नका करू,” म्हातारा शेवटी म्हणाला.

“ऐकलंत ना?” सुचिता म्हणाली. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं असं तिला वाटलं.

इकडे बिल्डिंगमध्ये निराळाच गोंधळ. तळमजल्यावरच्या भाडेकरूनं एकदा गाडी नेमकी गेटच्या तोंडाशी लावली. रूपेश खाली उतरला, मानेची शीर फुगली, तोंड उघडलं, आणि वरच्या खिडकीत उभी असलेली बाई त्याला दिसली. ही उद्याची साक्षीदार. “दादा,” तो म्हणाला, “जरा गाडी पुढे घेतली तर बरं होईल. तुमच्या सवडीनं.” भाडेकरू पांढराफटक पडला. शिव्या त्याला ओळखीच्या होत्या, पण हे नवीन होतं. पुढच्या महिन्यात त्यानं खोली सोडली. एवढं गोड बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल ते सांगता येत नाही, असं तो जाताना शेजाऱ्यांना सांगून गेला.

पण सगळ्या पुरवण्या, सगळे शिक्के संपले, आणि एका दुपारी चौकशीला हवालदार आल्या. संध्या मॅडम. गावठाणात फिरून, खालच्या मजल्यावर विचारून मग वर आल्या. बिल्डिंगनं रूपेशविषयी इतकं चांगलं सांगितलं होतं की बाई थोड्या सावध झाल्या होत्या. विमलबाईनं तर त्यांचा हातच धरला. “माजा पोरगा गाय हाय बाय, गाय.”

“गाईला बंदूक कशाला पाहिजे, आजी?” असं म्हणून संध्या मॅडम हसल्या आणि सुचिताला घेऊन गॅलरीत आल्या. दार ओढून घेतलं. आत रूपेश स्वतःच्या हातानं चहा करत होता.

“मारहाण?”

“नाही.”

“दारू?”

“हळदीला, लग्नाला. तेवढीच.”

“राग?”

सुचितानं खाली गेटकडे बघितलं. “सध्या नाही.”

“सध्या म्हणजे?”

“अर्ज केल्यापासून.”

बाईंनी लिहिणं थांबवलं. “ताई, मी चौकशीला जाते त्या प्रत्येक घरात नवराच चहा करतो.”

“मग आणखी थोडी चौकशी करता येणार नाही का?” सुचिता एका दमात म्हणाली. “वर्षभर? येत जा ना तुम्ही मधनंमधनं. अर्ज असाच राहू दे.”

हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं. संध्या मॅडम आता हसत नव्हत्या. “मला आज रिपोर्ट द्यायचाय. हो किंवा नाही. अर्जाआधी काय होतं, ते सांगा.”

सुचितानं सांगितलं. ताट, रिमोट, तोंड. हळू आवाजात आणि भराभर सांगितलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

“असतो एकेकाचा स्वभाव,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “आवरत नाही काहींना.”

सुचिता मान डोलावणार होती. हेच तर ती सगळ्यांना सांगत आली होती. आईला, सासूला, सगळ्यात जास्त स्वतःला. स्वभाव आहे, तो तरी काय करणार? पण मान हलेना. स्वभाव काही पोलीस चौकशीपुरता रजेवर जात नाही. इतक्या महिन्यांत एक ताट फुटलं नव्हतं. भाडेकरूची, खिडकीतल्या बाईची, न आलेल्या हवालदाराची, सगळ्यांची भीड त्यानं बाळगली होती, आणि ती बाळगायला त्याला काही जड गेलं नव्हतं. बंदूक हातची जाईल एवढी भीती त्याला पुरली होती. बायको हातची जाईल अशी भीती त्याला इतक्या वर्षांत एकदाही वाटली नव्हती. सुचिताला फार वाईट वाटलं. ताटं फुटायची तेव्हासुद्धा इतकं वाटलं नव्हतं.

“देऊ नका म्हणून लिहा,” ती म्हणाली.

“नक्की? घरात त्रास होईल. तुमचं नाव न घालतासुद्धा लिहिता येतं मला.”

“नाव घाला. मीच सांगणार आहे त्यांना.”

संध्या मॅडमनी आपला नंबर तिच्या मोबाईलमध्ये घातला, आत येऊन चहा प्यायल्या, आणि निघताना “चहा मस्त झालाय हं” म्हणाल्या. रूपेशचा चेहरा फुलला. तो त्यांना गेटपर्यंत सोडून आला.

“काय इचारलं गं?” वर आल्या आल्या त्यानं विचारलं. तो कपबशा गोळा करून ट्रेमध्ये ठेवत होता.

सुचिता दाराशी उभी राहिली. मोबाईल हातात घट्ट धरलेला. “बंदूक देऊ नका म्हणून सांगितलं मी.”

ट्रे त्याच्या हातात होता. चांगल्या चिनी मातीच्या कपबशा, पाहुण्यांसाठीच्या. स्वयंपाकघरातली विमलबाईची भांड्यांची खुडबुड बंद झाली. सुचिताचे डोळे आधीच मिटले होते. आवाज झाला नाही. तिनं ते उघडले तेव्हा रूपेश ट्रे टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत होता, भर बाजारात कुणी फसवलेल्या माणसानं बघावं तसा.

“म्हंजे,” तो म्हणाला, “एवढे महिने मी उगाच चांगला वागलो?”

त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. तो अगदी मनापासून विचारत होता.

“उगाच कसं?” सुचिता म्हणाली. “तुम्हाला राग आवरता येतो, हे मला कुठे माहीत होतं? आता माहीत झालंय.”