आपल्यातली

रोशनबींनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला आणि त्या उभ्या राहिल्या. ग्रामपंचायतीसमोरच्या मांडवातली कुजबुज थांबली. सरपंच दादासाहेबांनी माइक त्यांच्याकडे पाठवला.

"बोला काकू. घरचीच माणसं हायती समदी."

लासुर्ण्याच्या अलीकडच्या त्या गावात कालव्याच्या कडेला चाळीस घरांची वसाहत होणार होती. बारामतीचे बिल्डर अबरार शेख ती बांधणार होते. नमाजाला जागा, मुलांना उर्दू शिकवायला एक खोली, बारामतीला जायला-यायला रात्रीही गाडी, आणि घरं प्रामुख्याने मुस्लिम कुटुंबांसाठी. जाहिरात मोबाइलवर फिरली आणि गाव ढवळून निघालं. आजची ग्रामसभा त्यासाठीच होती. ठरावात मात्र वसाहतीचं नावही नव्हतं. गावठाणाबाहेर कुठल्याच नव्या बांधकामाला वर्षभर नाहरकत द्यायची नाही, एवढंच त्यात होतं. कारण, पाणी पुरत नाही.

मघाशी रोशनबींचा मुलगा अफजल तावातावानं उठला होता.

"मागल्या साली कारखान्याच्या रस्त्याला प्लॉट पडलं, तवा पानी पुरलं व्हय?"

"ते गावातल्या मानसांचं हुतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग आमी कुठलं? माझी भन फरहत बारामतीत नर्स हाय. रूम बघायला गेली की नाव विचारत्यात, आन् म्हनत्यात, रूम गेली. रातपाळी करून पोरगी एष्टीची वाट बघत बसती. तिनं ऱ्हायाचं कुठं?"

मग सुयोग उभा राहिला. तो रोशनबींच्या शेजारणीचा, श्यामलाचा मुलगा. दोन्ही घरांची भिंत एकच.

"अफजल, तुझा राग मला कळतो," तो म्हणाला. "पन एका धर्माची येगळी वस्ती कशापाई? आज घरं येगळी, उद्या गाव येगळं. रोशनकाकू आमच्या भिंतीला भिंत लावून ऱ्हायल्याच की. त्यांनाच इचारा, त्यांना जायाचंय का तितं."

म्हणून त्या उभ्या होत्या.

अफजलनं घरी हा विषय काढला की त्या त्याला गप्प करायच्या. सांजच्याला कुणाच्या ओट्यावर बसू, असं विचारायच्या. नवरा रसूल गेल्यानंतर पहिल्या ईदला त्यांनी चूल पेटवली नव्हती, तेव्हा श्यामलाच दूध आणि शेवया घेऊन आत आली होती. ते सोडून कालव्याच्या कडेला जायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

त्यांनी माइक तोंडाजवळ धरला.

"मला न्हाय जायाचं तितं. माझं घर हितं हाय. पन..."

टाळ्या वाजल्या. आधी पुढच्या रांगेत, मग साऱ्या मांडवात. सुयोगनं हसत माइक त्यांच्या हातातून घेतला.

"ऐकलंत? ह्याला म्हनत्यात आपल्यातली!"

ठरावासाठी हात वर झाले. शेजारी बसलेल्या श्यामलानंही उजवा हात वर केला. डाव्या हातानं तिनं रोशनबींचं मनगट घट्ट धरलं होतं. मांडवाबाहेर अफजलची मोटरसायकल सुरू झाली आणि दूर गेली.

घराकडे येताना श्यामलाचं मन हलकं झालं होतं.

"तू जाशील म्हनून जीव टांगनीला लागला हुता बघ. सुटले मी."

"मला आनखी बोलायचं हुतं."

"काय गं?"

"फरहतचं." रोशनबी चालायच्या थांबल्या. "श्यामल, सुयोगचा बारामतीचा फ्लॅट मोकळाच हाय न्हवं? भाडं दील की ती."

श्यामलानं पदर सारखा केला. पलीकडून उसाची ट्रॉली खडखडत गेली, ती वळणाआड होईपर्यंत श्यामला तिकडंच बघत राहिली.

"सुयोगला इचारते," ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवस ती ओट्यावर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात शेवग्याच्या शेंगांच्या आमटीचं पातेलं होतं.

"सोसायटीवाले ऐकत न्हाईत म्हनला," तिनं उभ्याउभ्याच सांगितलं. "तशी लेखी अट न्हाय, पन पुढं कटकट नको म्हनतोय. मी लई बोलले त्याला. खरंच बोलले गं."

"बोलली असशील."

रोशनबींनी आमटी आपल्या पातेल्यात काढून घेतली. तिचं पातेलं घासलं, पुसलं, त्यात परसातली चार लिंबं घालून परत दिलं.

"बस की," त्या म्हणाल्या.

श्यामला बसली. दोघी नेहमीसारख्याच बसल्या होत्या. पण बोलणं कुठून काढावं ते दोघींनाही सुचत नव्हतं. जाताना श्यामलानं विचारलं, "माझ्यावर रागावलीस?"

"न्हाय गं."

ते खरंच होतं. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं.

संध्याकाळी अफजल वैरण टाकायला गोठ्यात आला. रोशनबी धार काढत होत्या. सभेपासून तो त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता.

"अबरारला फोन लाव," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फरहतसाठी एक घर सांगून ठेव."

"अम्मी, बंदी लागलीया. तुझ्याम्होरंच लागली."

"वर्साची हाय. वर्सानं उठंल."

"आन् न्हाय उठली तर?"

रोशनबींनी दुधाची बादली बाजूला सरकवली.

"तर पुढच्या सभेला मी फरहतचं मागनं बोलायची न्हाय. आधी बोलंन." त्यांनी कासेवरून ओला हात फिरवला. "फरहतच्या शेजारचं घर माझ्यासाठी बघ."

अफजल वैरणीची पेंढी हातात धरून तसाच उभा राहिला. मग त्यानं दोन्ही म्हशींकडं पाहिलं.

"आन् ह्या? तितं गोठा कुठनं आनायचा?"

"ह्या ऱ्हातील हितंच," रोशनबी बादली उचलत म्हणाल्या. "श्यामल सांभाळंल. ती न्हाय म्हनायची न्हाय."